उन्हातली अंडी, खाडीतली कालवं

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा यांवरून नजर फिरवून झाली की ते कोपऱ्यातल्या पांढऱ्या पोत्यात हात घालायचं, मूठभर खडे तळहातावर घ्यायचं आणि म्हणायचं, ‘‘भाऊ, हे दगडं कायले खाऊ घालता कोंबडीले?’’

‘‘दगडं नाही बावा, समुद्र आहे तो,’’ मी सांगायचो, आणि त्याचं तोंड बघत बसायचो. आमच्या मंगरूळपीरला समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशावरचा निळा रंग. तो मी किलोवर विकत होतो याची मला भारी गंमत वाटायची. त्याहून मोठी गंमत म्हणजे तो मी स्वतः अजून पाहिलेला नाही. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं त्याचं तोंडही पाहिलं नाही, याची आताशा थोडी लाज वाटते.

माझा धंदा कोंबड्यांच्या खाद्याचा. आता दुकान मुलगा बघतो आणि मी बाजूला खुर्ची टाकून त्याच्या कामात नाक खुपसतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोंबडीचं खाद्य म्हणजे काय, दाणे भरडले की झालं. पण अंड्यावरची कोंबडी ही फार मागणारी बाई आहे. बहुतेक रोज एक अंडं द्यायचं म्हणजे रोज एक कवच घडवायचं, आणि ते कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. तो चुना दाण्यात नसतो. तो वेगळा द्यावा लागतो. नाही दिला तर ती आपल्या हाडातला काढून अंड्याला लावते आणि शेवटी पायावर उभी राहीनाशी होते. म्हणून खाद्यात शिंपल्यांचा भरडा मिसळायचा. धंद्यात त्याला शेलग्रीट म्हणतात. आमचा माल कोकणातून यायचा. तिथे एका खाडीकाठी दत्ताराम नावाचा माणूस जुने शिंपले उपसून, धुऊन, भरडून पोत्यात भरतो. त्यात बराचसा भाग कालवांच्या शिंपल्यांचा. कालव म्हणजे खडकाला चिकटून बसणारा, वरून खडबडीत आणि आतून दुधासारखा चकचकीत असा तो शिंपल्यातला जीव. कोकणातली माणसं तो आवडीने खातात. आमच्याकडे त्याचं फक्त घर यायचं, तेही तुकडे होऊन.

या पोत्यांनी मला एकेक गिऱ्हाइकं दाखवली. वाशीमचे एक गृहस्थ होते, कोर्टात कारकून होते. त्यांनी घरामागे हौसेने चार कोंबड्या पाळल्या होत्या. ते दर वेळी पोतं उलटंपालटं करून, चाळून, खालचा माल वर आणून मगच घ्यायचे. मला वाटलं, स्वच्छतेचं वेड असेल. एकदा विचारलं तर इकडेतिकडे बघत म्हणाले, ‘‘मोती असला तर?’’ मी म्हटलं, ‘‘सापडला तर अर्धा-अर्धा.’’ तेव्हापासून त्यांनी माझ्यासमोर चाळणं बंद केलं. घरी नेऊन चाळू लागले.

या पोत्यांची दुसरी भानगड म्हणजे भेसळ. कुणी कुणी व्यापारी ग्रीटमध्ये नदीची वाळू मिसळतात. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. काचेच्या ग्लासात लिंबू पिळायचं आणि चिमूटभर भरडा टाकायचा. शिंपला असेल तर फसफसतो, बुडबुडे येतात, आणि आंबट पुरेसं असेल तर हळूहळू दिसेनासा होतो. वाळू असेल तर ती तळाशी ढिम्म बसून राहते. प्रत्येक नव्या गाडीतल्या एका तरी पोत्याला मी असं लिंबू पाजायचो. ते बुडबुडे बघायला मला लहान मुलासारखं आवडायचं. पण आंबटाने शिंपला जातो, याच्या पुढे माझं डोकं कधी गेलं नव्हतं. ते गेलं एका उन्हाळ्यात, चंदामुळे.

चंदा आसेगावजवळच्या एका वस्तीवर राहते. वस्तीतली बरीच घरं दिवाळी झाली की कुलपं लावून वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. चंदा आणि तिचा नवराही जायचे. सोबत त्यांची मुलगी नंदिनीही जायची. त्यामुळे तिची शाळा दर वर्षी अर्ध्यावर सुटायची. ती परत यायची तेव्हा वर्गातल्या मुली पुढे निघून गेलेल्या असायच्या. मग चंदाने टिनाचं एक शेड उभारलं आणि त्यात अंड्यावरच्या कोंबड्या आणल्या. अंडी निघाली तर भट्टीवर जायचं नाही, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. पहिलं वर्ष निभावलं. नंदिनीने पहिल्यांदाच एक इयत्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बाकावर बसून काढली. हे मला चंदानेच सांगितलं होतं. सांगताना तिचे डोळे असे चमकले होते की मी तिला पोत्यावर मूठभर ग्रीट जास्तच घातलं.

त्या मे महिन्यात ती दुकानात आली तेव्हा मात्र डोळ्यांत चमक नव्हती. पदराच्या गाठीतून तिने एक अंडं काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. ठेवतानाच ते पिचकलं.

‘‘पाहा चाचा. हात लावला का फुटते. काही तं निस्ते कातड्यावानी येऊन राह्यले. दुकानदार घेत नाई म्हणते. तुमच्या शिंपल्यात दम नाई राह्यला.’’

‘‘माझ्या शिंपल्यात?’’

‘‘मंग कायच्यात? दाना तोच, पानी तेच. येत्या शुक्करवारी तो वाशीमचा कोंबडीवाला येऊन राह्यला, सगळ्या तोलून नेतो म्हणते. यायचे बापू म्हणतात, देऊन टाक. मंग दिवाळीनंतर आपली भट्टी हायेच.’’

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘यायचे’ म्हणजे नंदिनीचे, ‘बापू’ म्हणजे तिचा बाप. कोंबडीवाला नेतो म्हणजे कापायला नेतो, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या मालाला नाव ठेवलं की मला पूर्वी राग यायचा. त्या दिवशी राग आला नाही, भीती वाटली. मी तिच्यासमोरच लिंबू कापलं आणि तिच्याच पोत्यातला भरडा ग्लासात टाकला. तो छान फसफसला. तळाशी वाळूचा कणही नव्हता. चंदा ग्लासाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘हा तं चांगला हाये. मंग अंडं काहून असं?’’ मी म्हटलं, बघतो. 

ती गेल्यावर मी दत्तारामला फोन लावला आणि विचारलं, तुमचे शिंपले हल्ली पातळ झालेत का. तो हसला.

‘‘रशीदशेट, ता जुन्या थरातला आसा. माझ्या आज्याच्याय आधीचा. ता आता खयसून पातळ जातला? पातळ होतली ती आताची. थांबा, माझी भाची हंयच आसा, तिका इचारा.’’

भाचीचं नाव अनघा. समुद्रातल्या जिवांचं शिक्षण घेतलेली मुलगी. खाडीकाठी एका छोट्या शेडमध्ये टाक्या मांडून ती कालवांचं बी तयार करत होती. बी म्हणजे अगदी लहान पिल्लं. ती वाढवून खाडीत सोडायची, म्हणजे पुढे लोकांना काढता येतील. मी तिला आमच्या पिचक्या अंड्याची कहाणी सांगितली आणि विचारलं, ‘‘आताची पातळ होणार म्हणजे काय?’’

‘‘चाचा, तुम्ही कधी सोडावॉटर प्यायलात?’’

‘‘माझ्या भावाचा कारखानाच आहे.’’

‘‘मग माझं अर्धं काम झालं,’’ ती म्हणाली.

तिने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. गाड्यांचा, भट्ट्यांचा, वीज बनवणाऱ्या कोळशाचा जो धूर होतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. तोच वायू सोड्याच्या बाटलीत भरतात. हवेत सोडलेला सगळाच हवेत राहत नाही, त्यातला बराच समुद्र पिऊन टाकतो. पाण्यात हा वायू मुरला की पाणी जरा आंबटाकडे झुकतं.

‘‘म्हणजे समुद्र आंबट होऊन राह्यला?’’ मी मधेच विचारलं. उत्सुकता वाढली की माझी वऱ्हाडी बाहेर पडते.

‘‘आंबट नाही हो. समुद्राचं पाणी अजूनही आंबटाच्या उलट बाजूलाच आहे. फक्त त्या दिशेने हळूहळू सरकतंय. तुमच्या लिंबाच्या ग्लासासारखे शिंपले काही समुद्रात फसफसत नाहीत.’’

‘‘मग अडचण काय?’’

‘‘अडचण मालाची. शिंपला बांधायला कॅल्शियम लागतं, ते समुद्रात मुबलक आहे. पण जोडीला कार्बोनेट लागतं. पाणी आंबटाकडे झुकलं की ते कार्बोनेट दुसऱ्याच गोष्टीत अडकून पडतं. कालवाच्या हाताला लागत नाही.’’

मोठं कालव त्यातूनही निभावून नेतं, ती म्हणाली. त्याची वाढ मंदावते, शिंपला पातळ राहतो, पण ते तग धरतं. खरा घात पिल्लांचा होतो. जन्मलेलं कालव डोळ्याला दिसतही नाही, धुळीच्या कणासारखं पाण्यात तरंगत असतं. त्याला तोंडाने खायला येण्याआधीच पहिला शिंपला तयार करावा लागतो, आणि त्यासाठी अंड्यातून सोबत आणलेली थोडीशी शिदोरी एवढंच त्याच्याजवळ असतं. माल सहज मिळाला तर ती शिदोरी पुरते. माल ओढून आणावा लागला तर शिंपला अर्धा होतो किंवा वाकडा होतो, शिदोरी संपते आणि पहिला घास घेण्याआधीच ते मरतं.

‘‘यंदा माझ्या दोन खेपा अशाच गेल्या,’’ ती म्हणाली. ‘‘सगळा दोष मी समुद्रावर टाकत नाही. आमच्या खाडीत सांडपाणीही येतं, तळातलं कुजकं पाणी वर येतं, त्यानेही तेच होतं. कुणाचा वाटा किती, हेच शोधतेय. सध्या टाकीच्या पाण्यात धुण्याचा सोडा बेताने घालते, म्हणजे बाटलीतला नव्हे, आंबटपणा मारणारी ती पांढरी पूड. त्याने पाणी सावरतं. तिसरी खेप आता टाकीत आहे.’’

फोन ठेवल्यावर मी पोत्यातले चार तुकडे तळहातावर घेतले. इतकी वर्षं मी त्यांना माल म्हणत आलो होतो. त्यातला एकेक तुकडा कुणीतरी शिदोरी पुरवून पुरवून बांधलेला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

अर्धवट कळलेली गोष्ट फार घाई करते. मला वाटलं, सापडलं! चंदाच्या शेडमध्ये इतक्या कोंबड्या श्वास टाकतात, शेडला चारी बाजूंनी गोणपाटाचे पडदे, आत तोच वायू कोंडला असणार. वायूने कालवाचा शिंपला बिघडतो, तसंच कोंबडीचं कवच बिघडलं. मी आसेगावची बस धरली, वस्तीवर गेलो आणि चंदाला सगळे पडदे काढायला लावले. हवा खेळू दे म्हटलं. हवा खेळली, पण ती मे महिन्यातली दुपारची हवा. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

‘‘चाचा, कोंबड्या चोची वासून धापा टाकून राह्यल्या. आज तं अंडे आणखीनच पातय. तुमी काय शिकून आले होते?’’

तिच्या आवाजात टोमणा होता, पण त्याच्याखाली रडू होतं. शुक्रवार जवळ येत होता. मी पडदे परत लावायला सांगितलं आणि दुकान मुलाच्या हवाली करून भावाकडे गेलो. डोकं चालेनासं झालं की मी तिथेच जातो.

माझा धाकटा भाऊ करीम गोटी सोडा बनवतो. गावात आता थंड पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी त्याचा धंदा खाल्ला, तरी बाजाराच्या दिवशी आणि उन्हाळ्यात त्याची काचेची बाटली अजून खपते. बाटलीत पाणी भरायचं, यंत्राच्या चौकटीत अडकवायची, वायू सोडायचा आणि चौकट गरागरा फिरवायची. वायूच्या जोराने आतली काचेची गोटी वर येऊन तोंडाला घट्ट बसते. काही बाटल्यांची गोटी नीट बसत नाही. त्यातलं पाणी तो अंगणातल्या दगडी कुंडीत ओतून टाकतो. त्या अंगणात त्याच्या बायकोच्या सात-आठ कोंबड्या. आमच्याच दुकानाचं खाद्य खाणाऱ्या, चंदाच्या कोंबड्यांच्याच जातीच्या. पिण्याचं पाणी म्हणजे ती कुंडी.

मी सहज विचारलं, ‘‘तुमच्याकडे अंडी कशी आहेत?’’

भावजयीने टोपली पुढे केली. मी दोन अंडी हातात घेऊन हलकेच एकमेकांवर आपटली. धंद्यातली माणसं कवच असंच पारखतात. पातळ कवच भद्द वाजतं, चांगलं कवच टणक वाजतं. ही अंडी टणक वाजली. तेच ऊन, तेच खाद्य, आणि वर दिवसभर सोडा पिणाऱ्या कोंबड्या!

‘‘हे कसं शक्य आहे?’’ मी ओरडलोच.

‘‘काहून? काय झालं?’’ करीम घाबरला.

‘‘सोड्याने शिंपला जातो. तुझ्या कोंबड्या सोडा पितात. त्यांची अंडी तर सगळ्यात पातळ पाहिजेत!’’

‘‘भाईजान, जरा सावलीत बसा,’’ करीम म्हणाला आणि माझ्या हातात एक बाटली दिली.

मी ती प्यायलो नाही. दुकानातून शिंपल्याचा एक पातळसा, आतून चमकणारा तुकडा आणला आणि एका मोठ्या बरणीत ठेवून वर सोडा ओतला. लिंबात फसफसतो तसा तो फसफसला नाही. पण दर थोड्या वेळाने ताजा सोडा बदलत राहिलो, तेव्हा एका दिवसात त्याची चमक मंदावली आणि बोटाला पांढरी भुकटी लागू लागली. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. आणि कुंडीशेजारची टोपलीही खोटं बोलत नव्हती. दोन्ही खऱ्या गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. मला इतकं मजेदार कोडं आयुष्यात कुणी घातलं नव्हतं. चंदाच्या कोंबड्यांचा जीव त्यात अडकलेला नसता तर मी ते आणखी महिनाभर चघळलं असतं.

अनघाला परत फोन केला. तीही चक्रावली. ‘‘मला कोंबडीतलं काही कळत नाही चाचा. माझी एक मैत्रीण गुरांची डॉक्टर आहे, तिला विचारते,’’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला आणि ती ‘हॅलो’च्या जागी हसलीच.

‘‘चाचा, कोंबडीला घाम येत नाही!’’

हे मला माहीत होतं. म्हणून तर ती उन्हात चोच वासून धापा टाकते, तिची गरमी तिथून बाहेर पडते. मला माहीत नव्हतं ते पुढचं. धापा टाकताना गरमीबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही बाहेर फेकला जातो. आणि कोंबडी अंड्याच्या कवचातलं कार्बोनेट बनवते ते त्याच वायूपासून. कालव आपलं कार्बोनेट बाहेरच्या पाण्यातून घेतं. तिथे वायू जास्त झाला की ते हाती लागत नाही. कोंबडी ते स्वतःच्या रक्तात तयार करते. तिथे वायू कमी पडला की ते होतच नाही. करीमच्या कोंबड्या उन्हात जेवढा वायू बाहेर टाकत होत्या, त्यातला थोडा सोड्यातून परत पीत होत्या. आणि मी चंदाचे पडदे काढून गरम वारा आत घेतला होता, तिच्या कोंबड्यांना आणखी धापा टाकायला लावल्या होत्या.

मी करीमच्या माल पोचवायच्या रिक्षात सोड्याचे क्रेट भरले, सोबत करीमला घेतलं आणि निघालो. रस्त्याला बाटल्यांचा असा खणखणाट की आसेगावपर्यंत लोक वळून बघत होते. वस्तीवर पोहोचलो तर चंदा कमरेवर हात देऊन उभी.

‘‘आता हे काय आनलं? कोंबड्याइचं लगन हाये का?’’

मी तिला समजावून सांगू लागलो. कॅल्शियम, कार्बोनेट, रक्त, सगळं. ती ऐकत होती, पण मध्येच तिचं लक्ष कोंबड्यांकडे जात होतं. मग मी म्हटलं, ‘‘हे बघ. शिंपला म्हणजे पीठ. वायू म्हणजे पाणी. तुझ्याकडे पीठ भरपूर आहे, पण पाणीच नाही. भाकर कशी थापशील?’’

‘‘आन त्या समुद्रातल्या जीवाइचं?’’

‘‘त्यांच्या पिठात पाणी जास्त झालंय. हाताला चिकटतं, थापताच येत नाही.’’

‘‘असं सांगा ना मंग मराठीत,’’ चंदा म्हणाली आणि पाण्याची भांडी रिकामी करायला लागली.

कोंबड्यांनी सोड्याला आधी चोच लावली आणि दचकून मागे सरकल्या. एकीने तर मान झटकून अशी शिंक दिली की करीम पोट धरून हसला. पण त्या दुपारी तहान कुणाला चुकली होती? एक प्यायली, मग सगळ्या आल्या. मी आणखीही दोन-चार गोष्टी करायला लावल्या. टिनावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पसरून वरून पाणी मारलं, गोणपाटाचे पडदे ओले ठेवले. भरड्यातले मोठे खडे वेगळे काढून ते संध्याकाळी द्यायला सांगितले, कारण कवच घडायचं बरंचसं काम रात्री चालतं आणि तेव्हा पोटात चुना शिल्लक पाहिजे. पुढच्या दिवसांसाठी खाण्याचा सोडा पाण्यात चिमटीने घालायला दिला, कारण कोंबडीच्या रक्ताला हवं ते त्यातूनही मिळतं; रोज रोज रिक्षाभर बाटल्या कुठून आणणार?

अनघाला हे सांगितलं तर ती चिडली. ‘‘सगळं एकदमच बदललंत? मग कशाने फरक पडला हे कळणार कसं? अर्ध्या कोंबड्या वेगळ्या ठेवायच्या होत्या.’’

‘‘बेटा, त्या अर्ध्या कोंबड्यांना शुक्रवारचं काय सांगितलं असतं?’’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘तेही खरं.’’ तिचंही चूक नव्हतं. कोणत्या उपायाने किती काम केलं हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ते मला खुपतं.

शुक्रवारी मी मुद्दाम वस्तीवर गेलो. कोंबडीवाल्याचा टेम्पो आधीच आला होता. खाली जाळीचे खुराडे, काटा, सगळा सरंजाम. चंदाचा नवरा बाजूला मान घालून उभा होता. चंदा टोपलीशी बसली होती आणि अंडी एकेक करून वाजवत होती. सकाळपासून कितव्यांदा, कोण जाणे. काही अजून भद्द वाजत होती. पण बरीच टणक वाजत होती.

‘‘चला बाई, लवकर करा. ऊन चढून राह्यलं,’’ कोंबडीवाला म्हणाला.

चंदा उठली, शेडमध्ये गेली आणि अंडी द्यायचं थांबलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या तेवढ्या कोंबड्या पकडून आणल्या.

‘‘एवढ्याच?’’

‘‘एवढ्याच. बाकीच्या माह्या हायेत.’’

‘‘उन्हाया अजून सरला नाई बाई. मंग फोन करसान तं मी येनार नाई.’’

‘‘नोको येजा,’’ चंदा म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.  त्याने टेम्पोची मागची साखळी स्वतःच्या हाताने लावून दिली. मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे अशी पद्धत नाही. मी त्याला पान दिलं.

त्यानंतर अनघाचे आणि माझे फोन सुरूच राहिले. ती मला टाकीतल्या पिल्लांची हकीकत सांगायची, मी तिला अंड्यांची. तिची तिसरी खेप जगली. तिने एकदा मोबाइलवर चित्र पाठवलं. भिंगाखालचं कालवाचं पिल्लू, काचेसारखं आरपार, आणि भोवती त्याचा पहिला शिंपला, नखाच्या कोरीसारखा. मी ते दुकानात येईल त्याला दाखवत सुटलो. मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, गिऱ्हाइकाला आधी खाद्य तरी देऊ द्या.’’

दिवाळी झाली. वस्तीवर मजूर न्यायला भट्टीच्या मुकादमाच्या गाड्या लागल्या. मी पोतं द्यायला गेलो त्या दिवशी अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं होती. चंदाच्या अंगणात तुराट्यांचा ढीग होता, शेडमधून कोंबड्यांचा कलकलाट येत होता, आणि नंदिनी शाळेत गेली होती. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात अनघाचा फोन आला. मी तो चंदाला ऐकू जाईल असा लावला. कोंबड्यांची आणि कालवांची एवढी ओळख झाली, पण त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

चंदाने पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुये लेकरं कसे हायेत?’’

‘‘छान आहेत ताई. शिंपले धरलेत. आता त्यांना टाकीतून खाडीत सोडायची वेळ आली.’’

‘‘मंग सोड ना.’’

‘‘टाकीत मी धुण्याचा सोडा घालून पाणी सावरलं होतं. खाडीत तसं करता येत नाही. परवा पाणी तपासलं, ते चांगलं नव्हतं. किती जगतील मला माहीत नाही.’’

चंदाने चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या घराचं कुलूप तिला तिथून दिसत होतं.

‘‘नेहमीची येळ झाली म्हणून सोडून द्याच लागते का?’’ तिने विचारलं.

‘‘तसं नाही. ठेवता येतील अजून. काम वाढतं. रोज पाणी बदलायचं, खायला घालायचं. पण जेवढी मोठी होऊन जातील तेवढी जास्त टिकतील.’’

‘‘मंग ठेव बाई,’’ चंदा म्हणाली. ‘‘आमी बी यंदा आमची ठेवलीच ना.’’